कुवेतहून धुळ्याला पोचायला लागणारा वेळ

कुवेत ते मुंबई हे विमानाचं अंतर साधारण पावणेतीन हजार किलोमीटर आहे. मुंबई ते धुळे सडकेने सव्वातीनशे. पहिल्याला चार तास लागतात. दुसऱ्याला तेव्हा आठ लागायचे, आणि कसारा घाटात ट्रक आडवा झाला तर बारा. हे आकडे मी नंतर जमवले. लग्नाच्या दिवशी आमच्या घरात एकच आकडा होता, दीड तास.

तो आकडा नानांचा. नाना म्हणजे माझे काका. मी नववीत असताना वडील गेले, तेव्हापासून मी आणि माझा धाकटा भाऊ जळगावला नानांच्या घरी त्यांच्या मुलाबरोबर वाढलो. नानांनी आम्हा तिघांना सारखं खाऊ घातलं आणि सारखं मारलं. त्यात आपलं-परकं कधी केलं नाही. पट्टा, चप्पल, चुलीतलं लाकूड, हाताला येईल ते. आम्ही मोठे झालो, मला नोकरी लागली, माझं लग्न झालं, मुलगी झाली, तरी नाना जवळून गेले की माझी मान आपोआप खांद्यात जायची.

भाऊ वेल्डिंग शिकून कुवेतला गेला. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती, तिकडे लढाई व्हायच्या आधीची. पोचल्यावर त्याने मी काम करायचो त्या ऑइल मिलच्या फोनवर फोन केला. मी नानांना बोलावून आणलं होतं. भाऊ म्हणाला, "नाना, साडेआठला मुंबईहून उडालो आणि दहाला इथे उतरलो."

नानांनी ते वाक्य उचललं ते तीन वर्षं खाली ठेवलं नाही. टपरीवर, न्हाव्याकडे, लग्नाच्या पंगतीत. "पोरगं साडेआठला मुंबईत होतं, दहाला कुवेतात. आपण जळगावहून धुळ्याला जाऊस्तोवर एस्टी तीन तास घेते, अन् तो दीड तासात समुद्रापार." ऐकणारा मान हलवायचा. दहा कोणत्या घड्याळातले, हे कोणी विचारलं नाही. मध्ये भाऊ एकदा साखरपुड्याला येऊन गेला. तेव्हा तो जळगाव स्टेशनवर पहाटे उतरला आणि सगळ्यांचं लक्ष त्याच्या बॅगांकडे होतं. येताना किती वेळ लागला, हे कोणी विचारलं नाही.

भावाने कुवेतला जायच्या आधीच पसंत केलेली मुलगी धुळ्याच्या पलीकडची, दोंडाईचाच्या रस्त्यावरच्या एका गावातली. घर कापसाच्या शेतकऱ्याचं. तिचे वडील शांत माणूस. खरा कारभार तिच्या मामाच्या हातात होता. मामा तालमीतला, रुंद मानेचा, साखरपुड्यातच भावाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला होता, "दाजी, कुवेतमा दुसरी करी नही ना ठेवेल?" सगळे हसले. मग तो नानांकडे वळला आणि हसत हसतच म्हणाला, "लगीनना दिवशे नवरदेव दिखना नही तं आमी वाट नही दखाव. पोरगीले हयद लागनी का ती घरमा ठेवता येत नही." म्हणजे हळद लागलेली मुलगी बिनलग्नाची घरात ठेवता येत नाही, नवरदेव आला नाही तर त्याच मांडवात दुसऱ्याशी लग्न लावून देऊ. त्या भागात असं झालेलं होतं. नाना विमानाला इमान म्हणत. ते छाती ठोकून म्हणाले होते, "आमचा पोरगा इमानानं येतो. तुमच्या बैलगाडीआधी पोचेल."

भाऊ लग्नाच्या आठ दिवस आधी यायचा होता. त्याच्या मालकाने पासपोर्ट अडकवून ठेवला. दिवस जात राहिले. नानांनी मुलीकडे निरोप धाडला की नवरदेव जळगावला आलेला आहे, थोडा ताप आहे म्हणून भेटायला येऊ नये. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मिलमध्ये ट्रंककॉल आला. आवाज विहिरीतून यावा तसा. "दादा, पासपोर्ट मिळाला. उद्या सकाळी साडेआठचं विमान आहे. मुंबईहून टॅक्सीने सरळ लग्नाला येतो, तुम्ही वऱ्हाड घेऊन निघा." मी काही विचारायच्या आत लाइन गेली.

घरी ओसरीवर नानांनी बोटांवर हिशेब मांडला. साडेआठ अधिक दीड, दहा. सामान सोडवायला एक तास, अकरा. टॅक्सी सात तास, सहा. मुहूर्त सातचा, गोरज. एक तास हातात.

मला ते पटलं नाही. माझ्या मुलीच्या शाळेसाठी घेतलेला नकाशा भिंतीला होता, त्यावर पट्टी ठेवून मी अंतर काढलं होतं. मी म्हणालो, "नाना, पावणेतीन हजार किलोमीटर आहे. दीड तासात जायचं तर ताशी अठराशेचा वेग लागेल. विमान नऊशेने जातं. तीन तास तरी धरा. कस्टमचे दोन, टॅक्सीचे आठ. साडेनऊच्या आत तो येत नाही. आजच माणूस पाठवून उद्याचा मुहूर्त परवा सकाळवर—"

वाक्य पुरं झालं नाही. नानांनी कानाखाली मारली. माझा चष्मा उडून तुळशीच्या कट्ट्यावर पडला. बायको स्वयंपाकघराच्या दारात होती, मुलगी तिला बिलगून. मी तेहेतीस वर्षांचा होतो.

"म्हणजे मी तीन वर्षं गावात खोटं बोलतोय?" नाना म्हणाले. "ज्याने विमानात पाय ठेवला तो म्हणतो दीड तास, अन् हा पट्टी घेऊन मला शिकवतो."

चुलतभावाने चष्मा उचलून दिला. हळू आवाजात म्हणाला, "एकच बसली ना? मग स्वस्तात सुटला. मला विचारलंच नाही हे बरं झालं." तो असाच होता. नानांचा एकुलता एक मुलगा, केळीच्या वखारीत कामाला, उंचीने आणि अंगाने माझ्या भावासारखा. लांबून लोक दोघांत गल्लत करायचे.

दुसऱ्या दिवशी दोन टेम्पो आणि एक जीप घेऊन आम्ही निघालो. चारच्या सुमाराला गावात पोचलो. वऱ्हाडाची उतरायची जागा शाळेत होती. सहा वाजले, टॅक्सी नाही. साडेसहा वाजले. मामाचा माणूस दोनदा येऊन गेला, नवरदेव मारुतीच्या देवळात कधी येतो म्हणून. तिकडची रीत अशी की नवरदेव देवळातून घोड्यावर बसून वाजतगाजत मांडवापर्यंत येतो, आणि मांडवाच्या दारात मुलीचा मामा त्याच्या तोंडात गूळ घालून त्याला उचलून आत नेतो.

शाळेच्या एका वर्गात नानांनी दार लावून घेतलं. आत आम्ही तिघंच.

"घोड्यावर तू बस," ते मुलाला म्हणाले.

चुलतभाऊ हसला. त्याला वाटलं नाना थट्टा करतायत. नाना थट्टा करत नसत. त्यांनी समजावून सांगितलं. बाशिंगाखाली झेंडूचा दाट सेहरा, तोंड दिसत नाही. वरात गावभर फिरवायची, पोरं नाचतील, दोन तास सहज जातील. तेवढ्यात टॅक्सी येईल. मग देवळामागे अदलाबदल करू, घोड्यावरून उतरेल तो खरा.

"आणि नाही आला तर?" चुलतभावाने विचारलं.

नानांनी त्याला मारलं. एकदा, मग उलट्या हाताने परत. त्याच्या ओठातून रक्त आलं. मी मध्ये गेलो, तर मला छातीवर ढकललं, मी बाकावर आपटलो. "भावाचा संसार मोडायचाय का तुम्हाला?" नाना म्हणाले. "उद्या ती पोरगी दुसऱ्याच्या घरी जाईल. येईल तो तेव्हा काय तोंड दाखवाल?"

हे मात्र खरं होतं. भावाने त्या मुलीसाठी तीन वर्षांत दुसरं स्थळ पाहू दिलं नव्हतं. चुलतभावाने ओठ पुसला आणि भावाच्या मापाचा कोट अंगात घातला. बटण लागलं. तो मला म्हणाला, "दादा, नाचणाऱ्यांना सांग जरा जोरात नाचा. माझ्याकडे कोणी बघायला नको."

वरात दोन तासांपेक्षा जास्त चालली. आमच्या पोरांनी प्रत्येक चौकात बँड थांबवला. मी सडकेवर उभा राहून दोंडाईचाकडचे आणि धुळ्याकडचे दिवे पाहत होतो. मुहूर्त टळला. तसा तो सगळ्याच लग्नांत टळतो, त्यावर कोणी बोलत नव्हतं. पण मुलीकडची माणसं आता नाचत नव्हती. ती हाताची घडी घालून उभी होती. शेवटी मामाने स्वतः घोड्याचा लगाम धरला आणि मांडवाच्या दारात आणून उभा केला.

"दाजी, तोंड उघडा," तो म्हणाला आणि गुळाचा खडा घेऊन त्याने झेंडूच्या माळा बाजूला केल्या.

पेट्रोमॅक्सचा उजेड तोंडावर होता. चुलतभावाने तोंड उघडलेलं होतं, गुळासाठी. मामाने गूळ खाली टाकला.

"हाऊ कोन शे?"

बँड वाजतच होता. त्याने परत विचारलं, मग पाय धरून खाली ओढलं. दुसरा पाय रिकिबीत अडकला. घोडा बिथरला, वळला, आणि चुलतभावाला फरपटत दहा-पंधरा पावलं घेऊन गेला. त्याचं डोकं दगडी ओट्यावर आपटलं तो आवाज मी ऐकला. घोडेवाल्याने रिकीब सोडवली, आणि तो सुटतो न सुटतो तोच माणसं त्याच्यावर पडली.

कोणीतरी ओरडलं, "पोरगी दुसराले बांधी देवाना घाट शे यास्ना." एवढं पुरलं. त्यांना वाटलं, कुवेतवाला कधी येणारच नव्हता, आम्ही त्याच्या नावावर भलत्यालाच मुलगी लावून घ्यायला आलो. मांडवाचे बांबू उपटले गेले. कापडाचं छत एका बाजूने बसलं. बँडवाल्यांना काही घेणं-देणं नव्हतं, त्यांनाही मारलं. एकाच्या तोंडात पिपाणी होती तशीच आत ढकलली, त्याचे दात गेले. आमच्या बायका शाळेकडे धावल्या. मी चुलतभावाकडे जाऊ पाहत होतो. माझ्या डाव्या हातावर बांबू बसला आणि हात कोपराखाली लोंबायला लागला. दुखलं नाही, आधी फक्त तो माझा वाटेनासा झाला.

माणसांच्या पायांमधून मला तो दिसत होता. तो गुडघे पोटाशी घेऊन पडला होता, बाशिंग अजून कपाळाला होतं. मामाने जवळच्या बैलगाडीच्या जुवातली शिवळ उपसली. शिवळ म्हणजे हातभर लांबीची लाकडी खुंटी, बैलाची मान जुवात धरून ठेवणारी. तिचं टोक वापरून वापरून गुळगुळीत झालेलं असतं. त्याने ती खाली मारली. पहिला घाव खांद्यावर. चुलतभावाने मारणाऱ्याकडे पाहायला तोंड वर केलं, आणि दुसरा घाव डोळ्यात.

नाना मारामारीच्या मधोमध उभे होते. टोपी गेली होती, सदरा फाटला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर हात पडताना पाहिला. ते हात जोडून सांगत होते, "पोरगा येतोय. इमान दीड तासाचं आहे. कोणत्याही क्षणी येईल." मामा वळला आणि त्याच शिवळेने त्यांच्या गुडघ्यावर मारलं.

"दीड घंटा, दीड घंटा. तुना दीड घंटा सकायपासून चालूच शे का?"

नाना खाली बसले आणि बसल्या बसल्याही तेच सांगत राहिले. प्रत्येक वेळी सांगितलं की एक फटका बसत होता.

मुलीचे वडील शेवटी चुलतभावावर आडवे पडले, तेव्हा थांबलं. "मरी जाई ना तो," ते म्हणाले. "घरमा लगीन शे मनं."

चुलतभावाला आमच्याच एका टेम्पोत घालून धुळ्याच्या दवाखान्यात पाठवलं. बायकामुलंही गेली. नानांना आणि मला ठेवून घेतलं. खरा नवरदेव दाखवा, मग जा. आम्हाला कापसाच्या खोलीत कोंडलं. माझा हात कोणीतरी फडक्याने बांधून दिला होता. आत कापूस छातीपर्यंत, उकाडा, सरकीचा वास.

खूप वेळाने नानांनी विचारलं, "तुझ्या हिशेबानं किती वाजता येणार होता?"

"साडेनऊ."

"आता?"

माझं घड्याळ फुटलं होतं, पण साडेनऊ केव्हाच होऊन गेले होते. माझाही आकडा चुकला होता. दोघांचेही आकडे चुकले, म्हणजे उरलं काय, हे दोघांच्याही डोक्यात एकाच वेळी आलं. नाना म्हणाले, "इमान पडलं का रे?" त्यांनी डोकं भिंतीवर आपटायला सुरुवात केली. मी एका हाताने त्यांना धरून कापसात पाडलं आणि छातीवर गुडघा देऊन बसलो. मी त्यांना मारलं असतं. हात उचललाही होता. ते खालून माझ्याकडे पाहत होते आणि त्यांनी मान खांद्यात घेतली, जशी मी घ्यायचो. मग मी उतरलो.

सकाळी दार उघडलं ते मामाने. मागे भाऊ उभा होता, सुटात, टायसकट. टॅक्सी मोडलेल्या मांडवापाशी उभी होती, टपावर बॅगा. गावातल्या कोणीतरी त्याला वाटेतच रात्री काय झालं ते थोडक्यात सांगितलं होतं.

तिथेच, अंगणात, त्याला सगळ्यांनी घेरलं. मामाने विचारलं, "दीड घंटामा येस ना इमान? मंग रातभर कोठे व्हता?"

भावाला आधी प्रश्नच कळला नाही. मग त्याने सांगितलं. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असतं. तिकडे साडेआठ वाजतात तेव्हा इथे अकरा वाजलेले असतात. विमानाला चार तास लागतात. जाताना घड्याळ मागे सरकतं म्हणून दीड वाटतात, येताना पुढे सरकतं म्हणून साडेसहा. तो दुपारी तीनला मुंबईत उतरला. कस्टमने दीड तास घेतला. रात्री घाटात ट्रक उलटला होता, पाच तास जागचा हलता आला नाही.

"मी फोनवर तिकडचेच साडेआठ सांगितले," तो म्हणाला. "दुसरे कुठले सांगणार?"

मुलीचे वडील ओट्यावर बसले. नाना भावाकडे पाहत होते, पण काही ऐकू येत असावं असं वाटत नव्हतं. त्या घटकेला, मला खरंच वाटतं, सगळं सावरलं असतं. मांडव परत उभा राहिला असता. भटजी गावातच होते. मुलगी दारात येऊन उभी होती, हळदीच्या अंगाने, हिरव्या साडीत.

तेवढ्यात आमच्या टेम्पोचा ड्रायव्हर धुळ्याहून परत आला. त्याने मला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. तो सगळ्यांसमोरच म्हणाला, "डावा डोळा काढला. वाचला मात्र."

भावाने विचारलं, "कोणी मारलं?"

मामा म्हणाला, "मी मारं. तुमीन फसाडं म्हनीसन मारं." त्याने लपवलं नाही.

भावाने टॅक्सीच्या डिकीतून जॅकचा दांडा काढला. तो चालत गेला, पळत नाही. मामाने हात वर केला नाही, हे मी पाहिलं. दांडा तोंडावर बसला. मामा गुडघ्यावर आला, तोंडातून दात आणि रक्त एकत्र पडलं. भावाने दुसऱ्यांदा उचलला, तेव्हा मी आणि मुलीचे वडील दोघांनी मिळून त्याला मागून धरलं. माझ्या मोडक्या हाताची कळ तेव्हा पहिल्यांदा डोक्यापर्यंत गेली. गावातली माणसं परत बांबू उचलत होती.

"ठेवा ते," दारातून मुलगी म्हणाली.

ती अंगणात आली. मामाच्या शेजारी बसली, पदराने त्याचं तोंड दाबून धरलं. मग वर पाहून भावाला म्हणाली. आवाज चढवला नाही.

"मना मामानी तुमना भाऊना डोया फोडा. तुमीन मना मामाना दात पाडात. आते मी कोनता घरमा जाईसन भाकर टाकू?"

भाऊ म्हणाला, "चल माझ्यासोबत. कुवेतला राहू. कोणाच्याच घरात नको."

तिने बराच वेळ त्याच्या हातातल्या दांड्याकडे पाहिलं. तो अजून त्याच्या हातात होता. मग ती उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. मुलीचे वडील आम्हाला म्हणाले, "जा आते. माले बठ्ठास्ना हात धरता येवाव नही." सगळ्यांचे हात एकट्याने धरणं त्यांना झेपणार नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी शेजारच्या गावातल्या एका मुलाशी तिचं लग्न लावून दिलं. हे आम्हाला आठवड्याने कळलं. पोलिसांत दोन्हीकडून तक्रारी गेल्या, पुढे दोन्हीकडून मागे घेतल्या.

त्या सकाळी आम्ही टॅक्सीने धुळ्याला गेलो. मी पुढे, भाऊ आणि नाना मागे. दवाखान्यात चुलतभाऊ खाटेवर होता, अर्धं डोकं पट्टीत, ओठ सुजलेले. उरलेल्या डोळ्याने त्याने भावाला पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"आला का तू?" तो म्हणाला. "लागलं का लगीन?"

भाऊ खाली पाहू लागला. मी म्हणालो, "नाही लागलं."

त्याने छताकडे पाहिलं. मग म्हणाला, "मग मी उगाच बसलो घोड्यावर."

नाना माझ्या मागे उभे होते. ते लंगडत खाटेजवळ गेले आणि मुलाच्या कपाळावर ठेवायला त्यांनी हात उचलला. हात जवळ येताना दिसला तसा चुलतभावाने डोळा घट्ट मिटला आणि तोंड भिंतीकडे वळवलं. नाना हात तसाच धरून उभे राहिले.